सभासद वही वेगळी, शिकवणीची साइट वेगळी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या अनेक पतसंस्था, शिक्षक संघटना, महिला मंडळे आणि वाचनालये आता आपल्या सभासदांसाठी ऑनलाइन वर्ग चालवतात. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांचा सराव, पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कन्नड संभाषणाचे वर्ग, संगणकाची तोंडओळख असे बरेच काही त्यात असते. उपक्रम चांगले आहेत आणि ते चालावेत. मात्र या साइट्सवर सभासदांची जी माहिती गोळा होते, ती कशी घेतली जाते, कुठे पडून राहते आणि कोणाच्या नजरेस पडते याकडे कार्यकारिणीचे लक्ष नसते. अशा साइट्सचे तांत्रिक काम पाहणारे आम्ही काही जण त्याबद्दल लिहीत आहोत.

मूळ घोटाळा एकच आहे. सभासद होताना भरायचा अर्ज जसाच्या तसा उचलून वर्गाच्या नोंदणीला चिकटवला जातो. सभासदांची नोंदवही ठेवणे संस्थेला भागच असते, मग ती संस्था १९५९ च्या कर्नाटक सहकार कायद्याखाली असो, १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली असो, १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असो, की सीमेच्या दोन्ही बाजूंना सभासद असल्याने २००२ च्या बहुराज्य सहकारी कायद्याखाली असो. ती वही कार्यालयात हवीच. पण ती शिकवणीच्या साइटवर चढवायला कोणताही कायदा सांगत नाही. वर्गाला लागते काय? प्रमाणपत्रावर छापायचे नाव, सभासद क्रमांक, संपर्कासाठी एक मोबाइल किंवा ईमेल आणि कोणता वर्ग ते. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर पालकाचा संपर्क. संपले. प्रत्यक्षात मागतात आधार क्रमांक, जन्मतारीख, जात, पतीचे नाव, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि कधीकधी रक्तगटसुद्धा. शिवणकामाच्या वर्गाला रक्तगट कशाला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘असू दे, पुढे लागेल.’ ही खोगीरभरतीच पुढे अंगाशी येते. जी माहिती घेतलीच नाही, ती फुटत नाही.

वय अठरा पूर्ण आहे की नाही एवढेच हवे असेल तर हो-नाहीची एक चौकट पुरते. फी भरल्याचा पुरावा म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट मागू नये. त्यात यूपीआय आयडी, बँकेचे नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे दिसतात. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक लिहून घेतला की खातेउतारा जुळवता येतो. ओळख पटवणे खरोखरच गरजेचे असेल तर आधार समोर पाहून परत द्यावे. अगदी प्रत हवीच असेल तर मास्क्ड आधार घ्यावे. त्यात बारापैकी पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ज्याचे त्याला उतरवता येते.

नोंदणी बहुधा गूगल फॉर्मवर होते. तिथे तीन ठिकाणी पाय घसरतो. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘रिझल्ट समरी’ दाखवण्याचा पर्याय असतो. तो कुणीतरी चालू केला की फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला इतरांची उत्तरे सारांशाने दिसतात, आणि त्यात लिहिलेली नावे व मोबाइल नंबरही येतात. दुसरे, उत्तरांची शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी खुली ठेवून संचालकांच्या ग्रुपवर टाकली जाते. तिथून ती कुठे जाते त्याचा पत्ता नाही. शीट ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून ज्या दोघांना काम करायचे त्यांचेच ईमेल त्यात घालावेत. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. फॉर्मला कागद जोडायची सोय दिली की ते सगळे कागद फॉर्म बनवणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये जाऊन बसतात. फॉर्म बनवलेला असतो लिपिकाने, स्वतःच्या खासगी जीमेलवरून. लिपिक नोकरी सोडून हुबळीला गेला की दोनशे सभासदांची कागदपत्रेही त्याच्याबरोबर गेली. फॉर्म नेहमी संस्थेच्या नावाच्या खात्यातून बनवावा आणि त्या खात्याचा पासवर्ड पदाधिकारी बदलले की बदलावा.

ज्यांनी जरा मोठी साइट केली आहे त्यांच्याकडे बहुतेक करून मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवण्याचे सॉफ्टवेअर असते. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि चांगले आहे, पण ते जसे बसवले तसेच चालवले तर काही दारे उघडी राहतात. अॅडमिनने सभासदाच्या प्रोफाइलमध्ये ‘मोबाइल’ किंवा ‘गाव’ असा नवा रकाना जोडला की तो कोणाला दिसावा हे तिथेच ठरवावे लागते. तो पर्याय न पाहता पुढे गेले तर रकाना ‘सगळ्यांना दिसेल’ असाच राहतो. शिवाय एका वर्गातल्या विद्यार्थ्याला त्या वर्गातल्या सगळ्यांची यादी उघडता येते आणि ईमेलही वर्गातल्या इतरांना दिसेल अशीच मूळ सेटिंग असते. म्हणजे वर्गातल्या कोणालाही नावावर टिचकी मारून वर्गातल्या बायकांचे नंबर पाहता येतात. महिला मंडळाच्या वर्गात याचा काय त्रास होतो हे वेगळे सांगायला नको. उपाय पाच मिनिटांचा आहे: प्रत्येक जादा रकाना ‘फक्त स्वतः व अॅडमिन’ किंवा ‘दिसू नये’ असा करावा आणि ईमेलचे दर्शन बंद करावे. बदल केल्यावर एखाद्या साध्या विद्यार्थ्याच्या लॉगिनने साइट उघडून खात्री करावी. अॅडमिनच्या लॉगिनने सगळेच दिसते, त्यामुळे तिथून चूक कळत नाही.

पासवर्डचे प्रकरण याहून वाईट आहे. सभासदांची एक्सेल शीट एकदम चढवताना सोय म्हणून युजरनेम सभासद क्रमांक आणि पासवर्ड मोबाइल नंबर असा ठेवतात. आता सभासद क्रमांक कुठे असतात? वार्षिक अहवालाला जोडलेल्या मतदार यादीत, छापील. मोबाइल नंबर कुठे असतात? वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, उघडे. दोन्ही यादी एकेकटी निरुपद्रवी वाटते, पण समोरासमोर ठेवली की कोणालाही कोणाच्याही नावाने आत शिरता येते. शीट चढवताना मूडल स्वतः पासवर्ड तयार करू शकते आणि पहिल्या लॉगिनला सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावण्याचा पर्यायही त्याच पानावर असतो. तो निवडावा. आणि एखाद्या साइटवर ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर जुनाच पासवर्ड ईमेलने परत येत असेल तर ती साइट पासवर्ड उघड्या अक्षरांत साठवते हे नक्की समजावे. अशा ठिकाणी बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड कधीही वापरू नये.

खेड्यातल्या अनेक सभासदांना ईमेलच नसतो आणि मूडल ईमेलशिवाय खाते उघडू देत नाही. मग कार्यालयात बसून मनाला येईल तो जीमेल पत्ता टाकला जातो. असा पत्ता बऱ्याचदा खरोखर कोणाचा तरी असतो. सभासदाच्या नावाच्या सूचना, गुण आणि पासवर्ड बदलण्याची लिंक त्या तिऱ्हाईताकडे जाते. ईमेल नसलेल्यांसाठी संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरचा (म्हणजे साइटच्या नावावरचा), सभासद क्रमांकाचा पत्ता तयार करावा आणि त्या खात्याच्या ईमेल सूचना बंद ठेवाव्यात. खानापूरच्या जांबोटी भागात किंवा कणकुंबीच्या बाजूला आजोबांचे खाते नातवाच्या फोनवर चालते, ओटीपीही त्यालाच येतो. हे आपल्याकडे असेच चालणार, त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. फक्त मग त्या खात्यात शेअरची रक्कम, कर्ज, वारसदार असले काही दिसता कामा नये. शिकवणीची साइट पतसंस्थेच्या खातेवहीला जोडू नये याचे हे आणखी एक कारण.

प्रमाणपत्रांबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ही चूक दिसत नाही. वर्ग संपला की सभासदाला एक लिंक येते. ती उघडली की प्रमाणपत्राची पीडीएफ दिसते. लिंकच्या शेवटी क्रमांक असतो, समजा १२४७. तिथे १२४८ लिहून एंटर दाबले आणि दुसऱ्याच बाईंचे प्रमाणपत्र, त्यांच्या फोटोसह आणि जन्मतारखेसह उघडले, तर साइट लॉगिन तपासतच नाही. नुसता क्रमांक पाहून कागद देते. एक छोटा प्रोग्राम लिहून १ पासून शेवटपर्यंतचे सगळे कागद तासाभरात उतरवता येतात. ही तपासणी कोणताही संचालक स्वतःच्या मोबाइलवर करू शकतो, लॉगआउट करून. दुरुस्ती दोन प्रकारची आहे. क्रमाने येणाऱ्या आकड्याऐवजी लांब, अंदाज न येणारा कोड वापरणे ही पहिली, आणि लॉगिन असलेल्यालाच त्याचा स्वतःचा कागद देणे ही दुसरी. दुसरी केल्याशिवाय पहिलीवर समाधान मानू नये. नोकरी देणाऱ्याला प्रमाणपत्र खरे आहे का ते पाहता यावे म्हणून क्यूआर कोड छापतात. तो उघडल्यावर नाव, वर्ग आणि तारीख एवढेच दिसावे. प्रमाणपत्रावर जन्मतारीख मुळात नकोच.

व्हॉट्सअॅप ग्रुपला पर्याय आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. अट एवढीच की सभासदांनी संस्थेचा नंबर फोनमध्ये जतन केलेला असला पाहिजे, नाहीतर निरोप पोचत नाही. कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्येही सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. परीक्षेचा निकाल नाव आणि गुणांसह ग्रुपवर टाकायची प्रथा मात्र बंद झाली पाहिजे. चाळिशीतल्या सभासदाला संगणकाच्या परीक्षेत बारा गुण मिळाले ही गावाला कळवण्याची गोष्ट नव्हे.

सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे आणि ती बाहेरच्या तज्ज्ञांच्या ध्यानात येत नाही. इथे मराठी संस्थेच्या सभासदांची यादी ही नुसती नावांची यादी नसते. कोण कोणत्या भाषेच्या बाजूचा, कोणत्या गटाचा, कोणाच्या सभेला जाणारा, हे त्यावरून लोक ताडतात. त्या यादीत सरकारी नोकर असतात, कन्नड शाळेत शिकवणारे शिक्षक असतात, दुकानदार असतात. व्यक्तिगत माहितीच्या २०२३ च्या नव्या कायद्यात (त्याबद्दल पुढे लिहिले आहे) नाजूक माहितीचा वेगळा वर्गच नाही, आणि २०११ च्या जुन्या नियमांत जो होता त्यात पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे असे होते, भाषा किंवा राजकीय कल नव्हता. कायद्याने वेगळे काढले नाही म्हणून आपण सोडून द्यावे असे नाही. वर्गासाठी घेतलेले नंबर निवडणुकीच्या प्रचाराला जाणे हा तर उघड विश्वासघात आहे. संस्थेच्या स्वतःच्या निवडणुकीतही हेच होते: ज्या पॅनेलच्या हाती कार्यालय, त्याच्या हाती एक्सेल. मतदार यादी नियमाप्रमाणे सर्व उमेदवारांना मिळते ती मिळावी, पण शिकवणीच्या साइटवरचे मोबाइल नंबर त्या यादीचा भाग नाहीत.

कायद्याचे थोडक्यात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. तो खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानंतर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. संस्थांवरची मुख्य बंधने नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. कायदा केंद्राचा असल्याने महाराष्ट्रातले चंदगड असो की कर्नाटकातले खानापूर, नियम तेच.

त्यातली आपल्या कामाची तरतूद अशी की, माहिती कशासाठी घेतो याची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू या चारही भाषा त्या परिशिष्टात आहेत. आज मराठी संस्थांच्या साइटवरसुद्धा गोपनीयतेचे पान इंग्रजीत असते, कुठल्यातरी अमेरिकन कंपनीचे उतरवलेले, त्यात कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा उल्लेखही तसाच राहिलेला. सूचना एका पानाची आणि स्वतंत्र असावी. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, संमती कुठे मागे घ्यायची, तक्रार कोणाकडे, एवढे त्यात हवे. चौकटीत आधीच खूण करून ठेवलेली संमती ही संमती नव्हे. ती देणे जितके सोपे, मागे घेणेही तितकेच सोपे असले पाहिजे. अठराखालच्या मुलांसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, त्यामुळे एसएसएलसीचे वर्ग चालवणाऱ्यांनी पालकांच्या सभेतच हे काम उरकावे. मुलांच्या हाती फॉर्म देऊन ‘घरून सही आणा’ म्हटले की सही कोण करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत आहे. हा आकडा दाखवून महागडी पॅकेजे विकणारे सल्लागार लवकरच गावोगाव फिरतील. तो कमाल आकडा आहे, आणि दंड ठरवताना कसुरीचे गांभीर्य, गेलेल्या माहितीचे स्वरूप, संस्थेने केलेली धावपळ हे सगळे पाहावे लागते. वर सांगितलेल्या बहुतेक दुरुस्त्यांना एक रुपयाही लागत नाही.

साइट बाहेरच्या माणसाने बनवली म्हणून जबाबदारी त्याची होत नाही, ती संस्थेचीच राहते. त्याच्याशी लेखी करार हवा. माहिती दुसऱ्या कामाला वापरणार नाही, काम सुटल्यावर सर्व प्रती परत करून पुसणार, गळती झाल्यास त्याच दिवशी कळवणार, हे त्यात असावे. डोमेन मात्र संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदलेले पाहिजे. डोमेनचे नूतनीकरण चुकले आणि ते दुसऱ्याने घेतले तर त्यावरच्या ईमेल पत्त्यांना येणारी सगळी पत्रे, पासवर्ड बदलण्याच्या लिंकसह, नव्या मालकाच्या हाती पडतात.

खाते बंद करण्यातही फसगत होते. मूडलमध्ये अॅडमिनने सभासद ‘डिलीट’ केला की तो यादीतून जातो, पण डेटाबेसमधली त्याची ओळ जात नाही, नाव तिथेच राहते. खरोखर पुसायचे तर ‘प्रायव्हसी अँड पॉलिसीज’ खालच्या ‘डेटा रिक्वेस्ट्स’मधून जावे लागते. ही सोय २०१८ पासून मूडलमध्ये आहे, वापरताना मात्र फारसे कोणी दिसत नाही. कोण कधी, कोणत्या आयपी पत्त्यावरून आत आला याच्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे कधीच पुसल्या जात नाहीत. नव्या नियमांप्रमाणे त्या किमान एक वर्ष ठेवायच्या आहेत, म्हणून ३६५ दिवसांचा पर्याय निवडावा. बॅकअपचेही पाहावे. पुढच्या वर्षी तोच वर्ग चालवण्यासाठी धड्यांचा बॅकअप घेताना ‘नोंदणी झालेले विद्यार्थी समाविष्ट करा’ ही खूण काढून टाकावी. नाहीतर धड्यांबरोबर गेल्या वर्षीच्या सगळ्यांची नावे आणि गुणही पेनड्राइव्हवर फिरतात.

गळती झालीच तर आधी ती लिंक किंवा शीट बंद करावी, पासवर्ड बदलावेत, आणि सर्व्हरच्या नोंदी पुसू नयेत, कारण काय गेले ते त्यातूनच कळते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. नवे नियम लागू झाल्यावर त्या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकालाही विलंब न लावता कळवावे लागेल. सभासदांना उशिरा कळवले तर नुकसान वाढते. फोन करणाऱ्या भामट्याला नाव, गाव, संस्था आणि भरलेली फी ठाऊक असली की ‘केवायसी अपडेट करायची आहे’ हे वाक्य खरे वाटते. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

सभासदांनी वाट पाहत बसू नये. संस्थेकडे नोंदलेल्या ईमेलवरून किंवा कार्यालयात पोच घेऊन पुढील मजकुराचे पत्र द्यावे: ‘माझा सभासद क्रमांक अमुक. आपल्या शिकवणीच्या साइटवर माझी कोणकोणती माहिती आहे, ती कोणाकोणाला दिली आहे, हे लेखी कळवावे. माझा आधार क्रमांक, जन्मतारीख व कागदपत्रांच्या प्रती साइटवरून काढून टाकाव्यात. माझे नाव प्रमाणपत्रावर सोबत लिहिल्याप्रमाणे दुरुस्त करावे.’ शेवटची ओळ आपल्याकडे हमखास लागते, कारण दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये आणि आधार इंग्रजीत, त्यामुळे आडनाव तिन्हीकडे वेगळे पडलेले असते. नव्या नियमांत तक्रारीला उत्तर देण्याची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस आहे. पत्र देताना आधारची प्रत जोडू नये, कार्यालयाने मागितली तरीही. सभासद क्रमांक आणि सही पुरेशी आहे.

आपले,
संस्थांच्या साइट्सचे तांत्रिक काम पाहणारे काही जण
बेळगाव, खानापूर, निपाणी